किरण बारीक करणारी संस्था : ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनची तीस वर्षे

फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या पायथ्याशी ग्रेनोबल हे शहर वसले आहे. शहराच्या एका टोकाला द्राक आणि इझेर या नद्यांचा संगम होतो. त्या दोन नद्यांच्या बेचक्यात ८४४ मीटर परिघाचे इलेक्ट्रॉनांचे कडे पोटात घेऊन एक गोल इमारत उभी आहे. युरोपियन सिंक्रोट्रॉन रेडिएशन फॅसिलिटी, म्हणजेच ईएसआरएफ, ती हीच. सप्टेंबर १९९४ मध्ये तिची दारे संशोधकांना खुली झाली आणि २०२४ मध्ये या सेवेला तीस वर्षे पूर्ण झाली.

या काळात संस्थेत पृथ्वीच्या पोटातल्या दाबापासून जीवाश्मांपर्यंत नाना विषयांवर काम झाले. त्या सगळ्याचा आढावा एका लेखात मावणार नाही, म्हणून येथे एकच धागा धरला आहे: अतिसूक्ष्म प्रथिन-स्फटिकांचा अभ्यास. या धाग्यात संस्थेचा स्वभाव सर्वांत स्वच्छ दिसतो. स्फटिक पुरेसा मोठा होत नाही, ही मुळात जीवशास्त्रज्ञाची अडचण. ती यंत्रे बांधणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी आपली मानली, हे या संस्थेचे मोठेपण आहे.

अडचण काय होती?

क्ष-किरण स्फटिकावर टाकले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि डिटेक्टरवर ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपक्यांच्या जागा आणि त्यांची तीव्रता यांवरून रेणूतल्या अणूंची मांडणी काढता येते. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या प्रयोगातून ही वाट सापडली. पुढे मॅक्स पेरुत्झ आणि जॉन केंड्र्यू यांनी ती हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन या प्रथिनांपर्यंत नेली आणि १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

प्रथिनाचा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा टणक नसतो. त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असते, आणि तो तयार होईल की नाही याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. जुन्या उपकरणांना निदान दोन-तीन दशांश मिलिमीटरचा स्फटिक लागे. कितीतरी प्रथिनांचे स्फटिक दहा-वीस मायक्रॉनवर येऊन थांबत, आणि माणसाच्या केसाची जाडीसुद्धा ६०-७० मायक्रॉन असते. विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षे हे स्फटिक ‘मोठे करण्यात’ जात.

यामागचे गणित कठोर आहे. स्फटिकातून विखुरणारे किरण त्याच्या घनफळाच्या प्रमाणात असतात. बाजू दहापटींनी आखूड झाली की घनफळ हजारपटींनी घटते आणि ठिपके तितकेच फिके होतात. त्यात किरणझोत स्फटिकापेक्षा रुंद असेल, तर स्फटिकाला चुकलेला बहुतेक झोत भोवतालच्या द्रवावर, हवेवर आणि स्फटिक धरणाऱ्या फासावर पडतो. त्यातून उठणाऱ्या करड्या पार्श्वभूमीत फिके ठिपके बुडून जातात. उपाय दोनच उरतात: स्फटिक मोठा करायचा, नाहीतर झोत स्फटिकाएवढा बारीक आणि प्रखर करायचा.

स्थापना

युरोपने मिळून एक मोठा सिंक्रोट्रॉन उभारावा, हा विचार १९७० च्या दशकात युरोपियन सायन्स फाउंडेशनच्या अभ्यासगटांमध्ये आकाराला आला. जागेवरून बरीच ओढाताण झाली. स्ट्रासबुर्गची आशा मोठी होती, पण १९८४ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांनी ग्रेनोबलच्या बाजूने कौल दिला आणि स्ट्रासबुर्गकरांची नाराजी ओढवून घेतली. शास्त्रीय दृष्टीने निवड योग्य होती. ग्रेनोबलला लुई नील यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञाची परंपरा होती. न्यूट्रॉनवर काम करणारी लाउए-लांजव्हँ संस्था १९६७ पासून तेथे होती, आणि युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेचे, म्हणजे ईएमबीएलचे, केंद्र तिच्या शेजारीच चालू होते. एका कुंपणात भौतिकी आणि जीवशास्त्र नांदत होते. पुढे घडलेल्या बऱ्याच गोष्टींचे बीज या शेजारात आहे.

१९८७ मध्ये ‘रेड बुक’ या नावाने ओळखला जाणारा आराखडा तयार झाला आणि डिसेंबर १९८८ मध्ये सदस्य देशांनी करारावर सह्या केल्या. पहिले महासंचालक रूप्रेख्ट हेन्झेल यांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये, कड्यात पहिला इलेक्ट्रॉन झोत स्थिरावला. पुढे इव्ह पेत्रॉफ यांच्या काळात संस्था संशोधकांना खुली झाली. ६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कड्यात फिरत राहतात. अनड्युलेटर नावाच्या चुंबकांच्या रांगांमधून जाताना ते नागमोडी वळतात आणि अतिशय अरुंद, प्रखर क्ष-किरण सोडतात. तिसऱ्या पिढीच्या उच्च-ऊर्जा सिंक्रोट्रॉनांमधला हा जगातला पहिला.

आयडी १३ : सर्वांसाठी खुली बीमलाइन

कड्याला स्पर्शिकेसारख्या फुटणाऱ्या किरणमार्गांना बीमलाइन म्हणतात. आयडी १३ ही बीमलाइन सुरुवातीपासून सूक्ष्म झोतासाठी राखलेली होती आणि ख्रिस्टियान रीकेल यांनी ती घडवली. लंबवर्तुळाकार आरशाने झोत एकत्र आणायचा आणि पुढे बारीक छिद्रांनी किंवा निमुळत्या काचेच्या केशनलिकेने तो आणखी आवळायचा, अशी तिची रचना होती. त्यातून ३० मायक्रॉनपासून पाच-दहा मायक्रॉनपर्यंतचा आणि प्रसंगी त्याहूनही बारीक झोत मिळे.

ही बीमलाइन प्रथिन-स्फटिकांसाठी बांधलेली नव्हती. कोळ्याच्या जाळ्याचा एकच तंतू, पिष्टाचा एकच कण, कृत्रिम धाग्याचा गाभा आणि त्याची साल असे नमुने तिच्यावर येत. ज्या वस्तूंच्या आत जागोजागी मांडणी बदलते, त्यांच्यात बिंदूबिंदूने डोकावता यावे हा तिचा हेतू होता. रीकेल आणि त्यांचे सहकारी मानफ्रेड बुर्गहामर यांनी जीवशास्त्रज्ञांच्या चिमुकल्या स्फटिकांनाही तिच्यावर जागा दिली. संस्थेचा इतिहास लिहिताना असे निर्णय सहज नजरेआड होतात, कारण त्यांना समारंभ नसतो. सूक्ष्म प्रथिन-स्फटिकांच्या शास्त्राला मात्र घर मिळाले ते या मोकळेपणामुळे.

जांभळ्या चकत्या

या घराला कीर्ती मिळवून देणारे पहिले प्रथिन बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. अतिखारट पाण्यात राहणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाच्या पेशीपटलात ते असते. प्रकाश पडला की ते पेशीतले प्रोटॉन बाहेर ढकलते आणि जिवाला ऊर्जा मिळवून देते. रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्याची ढोबळ घडण दाखवली होती, आणि १९९० पर्यंत हेंडरसन यांचा गट ३.५ अँगस्ट्रॉम स्पष्टतेच्या आसपास (हा आकडा जितका लहान, तितके चित्र स्पष्ट) पोचला होता. प्रोटॉन कोणत्या वाटेने जातो हे कळायला त्याहून स्पष्ट चित्र हवे होते, आणि त्यासाठी चांगले त्रिमितीय स्फटिक मिळत नव्हते.

पेशीपटलातली प्रथिने तेलकट पटलात रुतलेली असतात. पाण्यात आणली की त्यांची घडी विस्कटते. १९९६ मध्ये बाझेलच्या एहूद लांडाऊ आणि युर्ग रोझेनबुश यांनी वेगळा मार्ग काढला. मोनोओलीन हे स्निग्ध द्रव्य आणि पाणी ठरावीक प्रमाणात मिसळले की थिजलेल्या तुपासारखा एक पारदर्शक लगदा तयार होतो. त्याच्या आत स्निग्ध पटलाचे अखंड त्रिमितीय जाळे असते. प्रथिन त्या जाळ्यात आपल्या ओळखीच्या परिसरात हिंडते, आणि हिंडता हिंडता स्फटिकात गोठते.

सूक्ष्मदर्शकाखाली हे स्फटिक पाहण्यासारखे असतात. रंगहीन लगद्यात रुतलेल्या जांभळ्या षट्कोनी चकत्या, कडा रेखीव, रंग प्रथिनाचा स्वतःचा. रुंदी २० ते ४० मायक्रॉन, जाडी जेमतेम ५ मायक्रॉन. चकती आडवी असताना षट्कोन ठळक दिसतो. तीच उभी झाली की एक जांभळी रेघ तेवढी उरते, आणि नजर जरा हलली की तीही हरवते. असली चकती चिकट लगद्यातून अखंड बाहेर काढायची, नायलॉनच्या इवल्याशा फासात धरायची आणि झोताच्या बरोबर मध्ये आणून बसवायची, हे काम हातांची परीक्षा पाहणारे होते.

ग्रेनोबलच्याच एव्हा पेबे-पेरूला यांनी लांडाऊ, रोझेनबुश आणि सहकाऱ्यांबरोबर या चकत्या आयडी १३ वर आणल्या. १९९७ मध्ये २.५ अँगस्ट्रॉम स्पष्टतेची रचना ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन वर्षांत ही स्पष्टता १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत गेली. प्रथिनाच्या पोटात रांगेने बसलेले पाण्याचे रेणू दिसू लागले आणि प्रोटॉनच्या वाटेचा माग लागला. इतक्या लहान स्फटिकातून पेशीपटलाच्या प्रथिनाची अशी रचना निघते, ही गोष्ट तोवर फार थोड्यांना खरी वाटली असती. स्फटिक उगवण्याची नवी रीत बाझेलची आणि त्याला पेलणारा झोत ग्रेनोबलचा. दोन्हींपैकी एक नसते, तर दुसरे अडून पडले असते.

स्फटिक धरायचा कसा?

या यशाने पुढचा प्रश्न उघडा पडला. झोत पाच मायक्रॉनचा असेल, तर स्फटिक फिरवणारे यंत्र त्याहून कमी डळमळले पाहिजे. स्फटिकाला गोल फिरवत छायाचित्रे घ्यावी लागतात. फिरवताना तो दहा मायक्रॉन जरी सरकला, तरी पाच मायक्रॉनचा झोत त्याला चुकवून निघून जातो.

येथे शेजार कामाला आला. ईएमबीएलच्या ग्रेनोबल केंद्रातील स्टीफन क्युसॅक, अनास्तासिस पेराकिस, फ्लोरां सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी आयडी १३ च्या गटाबरोबर सूक्ष्म-डिफ्रॅक्टोमीटर घडवला. १९९९ मध्ये त्याची रचना आणि तोवरचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला. उत्तम सूक्ष्मदर्शक झोताच्याच रेषेत बसवलेला, नेमक्या सरकत्या पट्ट्या आणि अगदी कमी थरथरणारा अक्ष, असा हा संच होता. झोत कोठे पडणार ते पडद्यावरच्या खुणेवर दिसते. संशोधक स्फटिक त्या खुणेवर आणतो, जाड दाराची खोली रिकामी असल्याची खात्री करून ती बंद करतो आणि बाहेरच्या संगणकापाशी जाऊन बसतो. या यंत्राच्या पुढच्या आवृत्त्या अनेक देशांतल्या सिंक्रोट्रॉनांवर बसल्या. संस्थेने स्वतःसाठी बांधलेले साधन जगाच्या उपयोगी पडल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

किरणांचा घाव

झोत जितका प्रखर, तितका स्फटिक लवकर जळतो. क्ष-किरणांनी सुटे झालेले इलेक्ट्रॉन रेणूंचे बंध तोडतात आणि ठिपके डोळ्यांदेखत फिके होत जातात. म्हणून स्फटिक द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवतात आणि उणे १७३ अंश सेल्सिअसच्या वाऱ्यात ठेवूनच त्यावर झोत सोडतात. त्याने घाव मंदावतो, पण टळत नाही.

स्फटिकाला किती किरणमात्रा सोसते, याचे मोजमाप याच संस्थेत झाले. रॉबिन ओवेन, एल्स्पेथ गार्मन आणि सहकाऱ्यांनी फेरिटिनच्या स्फटिकांवर प्रयोग करून २००६ मध्ये ३ कोटी ग्रे ही व्यवहारातली मर्यादा मांडली. स्फटिकाला याहून अधिक मात्रा देऊ नये, हा दंडक आज जगभर पाळला जातो. सूक्ष्म स्फटिकांच्या अभ्यासकाला तर हा हिशेब पदोपदी करावा लागतो. लांब सुईसारखा स्फटिक असेल, तर एका बिंदूवर थोडी चित्रे घ्यायची, झोत पुढच्या ताज्या बिंदूवर न्यायचा, आणि असे करत सगळी सुई वापरायची. झोत स्फटिकापेक्षा बारीक असल्याचा हा दुसरा लाभ होता. एरवी जो स्फटिक वाया गेला असता, त्याचे दहा उपयोग झाले.

कसोटीची वर्षे

२००५ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये अमायलॉइड तंतूंचा कणा उलगडून दाखवला. अल्झायमरसारख्या विकारांत प्रथिने असे चिवट तंतू बनवतात. या गटाने यीस्टच्या एका प्रथिनातला सात अमिनो आम्लांचा तुकडा निवडला होता. त्याचे स्फटिक म्हणजे जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉन जाडीच्या सुया, आणि वर्षानुवर्षे त्यांच्यापुढे सगळे उपाय थकले होते. आयडी १३ वर त्यांतून १.८ अँगस्ट्रॉमची माहिती मिळाली. दोन पदर दातात दात अडकावेत तसे एकमेकांत घट्ट बसलेले असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याला जागाच नसते, हे त्यातून कळले. हे तंतू इतके चिवट का असतात, याचे उत्तर त्या कोरड्या सांध्यात आहे.

त्याच वर्षी आयडी २३-२ ही बीमलाइन सुरू झाली. केवळ प्रथिनादी महारेणूंच्या सूक्ष्म स्फटिकांसाठी वाहिलेली जगातली ही पहिली बीमलाइन. आयडी १३ वर पाहुणे म्हणून आलेल्या विषयाला आता स्वतःचे बिऱ्हाड मिळाले. यंत्रमानव स्फटिक बदलू लागले. नमुने कुरिअरने पाठवायचे आणि आपल्या गावी बसून प्रयोग चालवायचा, ही सोयही हळूहळू रुळली.

२००७ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने मानवी बीटा-२ ॲड्रेनर्जिक ग्राहीची रचना प्रसिद्ध केली. ॲड्रेनॅलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारे हे प्रथिन आहे, आणि दम्याच्या श्वासातून घ्यायच्या अनेक औषधांचे लक्ष्यही तेच. त्याचे स्फटिक लांबट आणि अतिशय पातळ होते. त्यांच्या मापनात आयडी १३ चा मोठा वाटा होता आणि बुर्गहामर हे त्या शोधनिबंधाचे सहलेखक आहेत. त्याच सुमारास अमेरिकेतही सूक्ष्म झोतावर या ग्राहीची आणखी स्पष्ट रचना मिळाली. तिचे स्फटिक वाढले होते ते बाझेलच्या स्निग्ध लगद्यातच. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल कोबिल्का आणि रॉबर्ट लेफ्कोवित्झ यांना मिळाले, तेव्हा ग्रेनोबलमध्ये आनंद होणे स्वाभाविक होते.

भारताचे नाते

या संस्थेशी भारताचा संबंध घनिष्ठ आहे. बीएम १४ ही बीमलाइन काही वर्षे ईएसआरएफ, ईएमबीएल आणि भारताचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या भागीदारीत चालली. भारतीय प्रयोगशाळांमधून नायट्रोजनच्या थंड पिंपांत स्फटिक घेऊन विद्यार्थी तेथे जात आणि दिवसरात्र पाळीपाळीने काम करून माहिती घेऊन परतत. तेथल्या हसन बेलरहाली यांचे आभार मानणारे भारतीय शोधनिबंध पुष्कळ आहेत. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनची १.९ अँगस्ट्रॉमची रचना काढणाऱ्या गटात हेच बेलरहाली होते. २०१७ मध्ये भारत या संस्थेचा सहयोगी देश झाला.

ज्ञानाचा हा ओघ एकाच दिशेचा राहिला नाही. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिन-स्फटिकांसाठी बीमलाइन उभारली आहे. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला रात्रीच्या गाडीने जाऊन स्वतःचा स्फटिक स्वतः मोजता येतो, ही मोठी सोय आहे.

नवे कडे

यश मिळालेली यंत्रणा मोडून नवी बांधायला धैर्य लागते. फ्रान्चेस्को सेत्ते महासंचालक असताना संस्थेने ते केले. डिसेंबर २०१८ मध्ये झोत बंद झाला, जुने कडे काढण्यात आले आणि त्याच बोगद्यात पांतालेओ रायमोंदी यांच्या कल्पनेतली नवी चुंबकरचना बसली. इलेक्ट्रॉनांचा आडवा पसारा सुमारे तीस पटींनी आवळला गेला आणि किरणांची तेजस्विता कितीतरी वाढली. साथीचा काळ असूनही २५ ऑगस्ट २०२० रोजी संशोधकांसाठी दारे पुन्हा उघडली. चौथ्या पिढीचे हे पहिले उच्च-ऊर्जा सिंक्रोट्रॉन.

सूक्ष्म स्फटिकांच्या शास्त्रातही त्याआधीच नवे वळण आले होते. एकाच स्फटिकाला जपत बसण्याऐवजी हजारो स्फटिकांचा प्रवाह झोतासमोरून सोडायचा, प्रत्येकाचे एकच चित्र घ्यायचे आणि सगळी चित्रे संगणकाने जुळवायची, अशी ही रीत. क्ष-किरण लेसरवर ती वाढली आणि २०१५ मध्ये आयडी १३ वरही यशस्वी झाली. त्या प्रयोगासाठी निवडलेले प्रथिन बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच होते. या वेळी ते न गोठवता, नेहमीच्या तापमानाला मोजले. आता आयडी २९ ही बीमलाइन याच रीतीला वाहिलेली आहे आणि तिच्यावर मायक्रोसेकंदांच्या झोताने प्रथिने मोजली जातात. प्रथिन काम करत असताना त्याची रचना कशी बदलते, ते टप्प्याटप्प्याने पाहणे आता शक्य होत आहे.

तीस वर्षांचे सार

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने गेल्या दशकात केलेली प्रगती पाहून, स्फटिकांची गरज संपली का, असे विचारले जाते. मला तसे वाटत नाही. लहान प्रथिने, त्यांना चिकटणारी औषधे आणि काळाच्या बारीक तुकड्यांतले बदल यांसाठी स्फटिक आणि सूक्ष्म झोत ही जोडी अजून लागणार आहे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते या संस्थेने घालून दिलेले वळण. यंत्र बांधणाऱ्यांनी वापरणाऱ्याची अडचण ऐकली. धागे आणि पिष्ट यांसाठी बांधलेली बीमलाइन त्यांनी प्रथिनांना दिली, शेजारच्या संस्थेबरोबर बसून नवे उपकरण घडवले आणि ते इतरांच्या हाती दिले. स्फटिक लहान आहे म्हणून संशोधकाला परत पाठवायचे नाही, ही तेथली रीत झाली. भारतात पुढच्या पिढीचे सिंक्रोट्रॉन उभारायची चर्चा चालू आहे. ते उभे राहील तेव्हा त्याच्या आराखड्यात चुंबकांच्या आणि आरशांच्या मापांइतकीच या रीतीला जागा असावी, आणि त्याच्या पहिल्या काही बीमलाइनींत एक तरी सूक्ष्म झोताची असावी. आपल्या प्रयोगशाळांत दहा मायक्रॉनवर अडलेले स्फटिक पुष्कळ आहेत, आणि ते वाढवण्यात वर्षे घालवणारी हुशार मुलेही पुष्कळ आहेत.